‘चालू आहे’ मंडळ

"चेतना, हातातलं घड्याळ काढ ना," काचेपलीकडून मिथुनचा आवाज हेडफोनमध्ये आला.

चेतनाने दोन्ही मनगटं वर करून दाखवली. घड्याळ नव्हतंच. बांगडीसुद्धा नव्हती. वाजेल असं काहीही अंगावर ठेवून माइकसमोर उभं राहायचं नाही, हे ती या धंद्यात आल्या आल्याच शिकली होती.

"मग ही टिकटिक कसली? एसी तर मी बंद केलाय."

अंधेरीच्या त्या स्टुडिओत चेतना सरवदे दाक्षिणात्य सिनेमांतल्या बायकांना मराठी आवाज द्यायची. रडणं, कुजबुजणं, तोंडातल्या तोंडात पुटपुटणं असलं काही असलं की तिलाच बोलावणं यायचं. आजही पडद्यावर एक बाई आजारी नवऱ्याच्या उशाशी बसून हळू आवाजात बोलत होती. वाक्यं थोडी होती, मधे शांतता खूप होती. आणि त्या शांततेत टिक, टिक, टिक.

मिथुनने माइक बदलला, केबल बदलून पाहिली. आवाज काही जाईना. तो कुठून येतोय हे चेतनाला पहिल्याच टेकला कळलं होतं. तो तिच्या छातीतून येत होता.

चार महिन्यांपूर्वी तिच्या हृदयातली खराब झालेली झडप काढून तिथे कृत्रिम झडप बसवली होती. उघडमीट करताना ती बारीक आवाज करेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी पंखा, रस्ता, शेजारच्यांचा टीव्ही, यात तो फारसा जाणवायचा नाही. पण या खोलीत बाहेरचा कुठलाच आवाज येत नव्हता आणि माइक असा होता की ओठ विलग झालेलेसुद्धा त्याला ऐकू जायचे.

"माझं पोट वाजत असेल," ती म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

मिथुन हसला. डबिंगची दिग्दर्शक रुचिरा मात्र हसली नाही. तिला संध्याकाळपर्यंत काम पुढे पाठवायचं होतं. आणखी तासभर खटपट करून ती आत आली आणि चेतनाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कावीळ वाईटच असते गं. अजून बरी नाही झालीस तू. घरी जा, आराम कर. हा रोल मी दुसऱ्या कुणाकडून करून घेते."

कावीळ हे चेतनाच्या आईने ठरवलं होतं.

सुंदराबाई मूळच्या बार्शीकडच्या. लग्न होऊन मुलुंडला आल्या, अंगणवाडीत नोकरी केली, नवरा गेल्यावर एकटीने मुलीला वाढवलं. चेतना दहा-अकरा वर्षांची असताना तिचा घसा सारखा धरायचा, ताप यायचा, गुडघे सुजायचे. गल्लीतल्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांनी ते थांबलं आणि सगळे विसरून गेले. त्या तापाने हृदयाची झडप खाल्ली होती, हे पुढे सोळा-सतरा वर्षांनी कळलं, ते चेतनाला घाटकोपरच्या मेट्रोचे जिने चढवेनात तेव्हा.

ऑपरेशन चांगलं झालं. पण वॉर्डातून घरी येतानाच आईने बजावलं, "कुणाला बोलायचं नाही. कावीळ झाली होती, गावाला होते, एवढंच सांगायचं. हार्टचं ऑपरेशन म्हटलं की संपलं. उद्या कोण करून घेईल तुला?"

विहारातल्या बायकांना, चाळीत, स्टुडिओत, सगळीकडे आईने कावीळच सांगितली. कुणी भेटायला आलं की चेतना गळ्यापर्यंत ओढणी घेऊन बसायची. छातीवरची शिवण दिसू नये म्हणून. आई तिला बादली उचलू देत नव्हती, खिडकीचं लोखंडी दार ओढू देत नव्हती. झडपेचा आवाज ऐकू आला तरी दचकायची आणि नाही आला तर दुप्पट दचकायची. चेतनाला वाटायचं, आपण दोघी एका कपाटात बसलोय आणि आतून कडी लावलीये.

स्टुडिओतून परत पाठवलं त्याच आठवड्यात तिची रक्ततपासणी होती. असल्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते, आणि ती जास्त होत नाही ना, कमी होत नाही ना, हे दर महिन्याला तपासावं लागतं. लॅबमधल्या बाकावर ती नंबर येण्याची वाट बघत बसली होती. वीज गेली, पंखा थांबला. आणि तिला स्वतःची टिकटिक ऐकू आली. पण काहीतरी चुकत होतं. ठोके दुप्पट येत होते. तिचा हात छातीवर गेला.

"घाबरू नको गो," शेजारची बाई म्हणाली. "त्यातलो एक माझो आसा."

साठीच्या पुढची, सडपातळ, केसांत अबोलीचा गजरा माळलेली बाई होती ती. तिने चेतनाचा हात धरून सरळ स्वतःच्या गळ्याखाली ठेवला. तिथेही तेच. टिक, टिक.

"बावीस वर्षां झाली," ती बाई म्हणाली. "तुझा कधी झाला?"

ऑपरेशननंतर चेतनाला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिने चार बोटं वर केली.

"चार वर्षं?"

"महिने."

"मगे तर तू बाळंतीणच," असं म्हणून ती मोठ्याने हसली. काउंटरवरची मुलगी वळून बघायला लागली.

त्या बाई म्हणजे सुगंधा परब. घाटकोपरला मुलाकडे राहायच्या, पण डॉक्टर मुलुंडचे म्हणून तपासणी इथेच. त्यांनी सांगितलं की महिन्यातून एका रविवारी मुलुंड पूर्वेला एका शाळेच्या वर्गात त्यांच्यासारखी माणसं जमतात. कुणाची बायपास झालेली, कुणाला पेसमेकर बसवलेला, कुणाची झडप बदललेली. "नाव काय माहिताय? ‘चालू आहे’ मंडळ. कोणी विचारलं कसं काय, की आमचं सगळ्यांचं एकच उत्तर." परबकाकूंची मालवणी बोलता बोलता मुंबईच्या मराठीत शिरायची आणि मधेच परत घरी जायची. "येशील?"

"बघते," चेतना म्हणाली. मनात ती म्हणत होती, सुट्टीच्या दिवशी आजारी माणसांत जाऊन कोण बसेल?

काकूंनी ते चेहऱ्यावरून वाचलं असावं. "आमच्याकडे रडारड नसता हां. भांडणं असतात. नंबर घे माझा."

नंबर घेऊन चेतना घरी आली. आईला काही सांगितलं नाही.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी तिची दाढ दुखायला लागली. सहन होईना तेव्हा तिने फडताळातली दुखण्याची गोळी काढली. लहानपणापासून घरात डोकं दुखलं, कंबर दुखली की हीच गोळी. पाण्याचा ग्लास हातात घेतला आणि डॉक्टरांनी डिस्चार्जच्या वेळी भराभरा सांगितलेलं काहीतरी आठवलं. नीट काय ते आठवेना. आई अंगणवाडीत होती. डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. तिने परबकाकूंना फोन लावला.

"हातातली गोळी खाली ठेव," काकू पहिलंच वाक्य बोलल्या. "ठेवलीस? आता ऐक. आपल्या रक्ताच्या गोळीबरोबर असल्या गोळ्या घेतल्या की पोटात रक्तस्राव होऊ शकतो. माझ्या चुलतभावजयीला झाला होता. डॉक्टरांना परत लाव. नाही लागला तर त्यांच्या असिस्टंटचा नंबर देते. आणि दातवाल्याकडे एकटी जाऊ नकोस, मी येतंय."

त्या खरोखरच आल्या. घाटकोपरहून बस पकडून, गजऱ्यासकट. तोवर डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. चालेल अशी गोळी त्यांनी सांगितली आणि दाताला हात लावायच्या आधी कुठलं औषध द्यायचं तेही कळवलं. दातांच्या डॉक्टरांच्या खोलीत शिरता शिरताच काकू म्हणाल्या, "हिच्या हार्टला व्हॉल्व बसवलेला आहे, ते आधी लिहून घ्या." त्यांनी ते "हिचं नाव चेतना" इतक्या साध्या सुरात सांगितलं. डॉक्टरनेही मान डोलावून लिहून घेतलं. कुणाचा चेहरा पडला नाही, कुणी अरेरे म्हटलं नाही. खुर्चीवर आडव्या पडलेल्या चेतनाला वाटलं, एवढंच होतं होय?

त्या महिन्याच्या रविवारी ती मंडळात गेली. आईला सांगितलं, मैत्रिणीकडे जातेय.

चौथीचा वर्ग होता. छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर घेऊन बसली होती. फळ्याजवळ विद्याधर साने नावाचे उंच गृहस्थ उभे होते, बायपास झालेले, बोलायला अतिशय शिस्तीचे. शिस्त पाळत मात्र कुणीच नव्हतं. लोणचं सोडायचं की नाही यावर दोन बाजू पडल्या होत्या. काशीराम नावाचे रिक्षावाले पेसमेकर दाखवायला शर्टाची वरची बटणं सोडून बसले होते आणि "मोबाइल डाव्या खिशात ठेवू नका, उजव्या ठेवा" असं प्रत्येकाला सांगत होते. कोपऱ्यात जान्हवी नावाची चेतनाच्याच वयाची बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. तिच्या कुर्त्याच्या गळ्यातून शिवणीचं वरचं टोक दिसत होतं. तिने ते झाकलं नव्हतं.

"नवीन कोण आलंय?" सान्यांनी विचारलं.

चेतना उभी राहिली. काय बोलायचं ते ठरवून आली होती, पण तोंडातून भलतंच निघालं. "मी डबिंग करते. माझ्या व्हॉल्वचा आवाज माइकमध्ये येतो. माझं काम गेलं."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळा वर्ग हसला. चेतनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी तिलाही हसू आवरेना.

"म्हणजे नायिकेच्या पोटात बॉम्ब आहे असं वाटत असेल लोकांना," काशीराम म्हणाले.

"काशीराम, पुरे," साने म्हणाले. "हा प्रश्न गंभीर आहे. सुचवा काहीतरी."

मग जो तो सुचवू लागला. छातीला उशी बांध. गोधडी पांघर. माइक डोक्यावर टांग. परबकाकू सगळ्यांचं होईपर्यंत थांबल्या. "आवाज छातीतून कमी आणि तोंडातून जास्त येता," त्या म्हणाल्या. "माझो नातू तान्हो होतो ना, मांडीवर घेतलं की कान टवकारायचो, झोपायचो नाय. मी गाणं म्हणत होते ना, तोंड उघडं. एक दिवस गप बसले तोंड मिटून, तर झोपलो की! तू मधल्या वेळात तोंड मिटून ठेव. वाक्य आलं की उघड."

"प्रयोग करून बघू," साने म्हणाले. "पंखे बंद करा. खिडक्या लावा."

आणि त्या चौथीच्या वर्गात वीसेक हृदयरोगी श्वास रोखून बसले. जान्हवीने पोराला दूध पाजायला घेतलं, म्हणजे ते रडणार नाही. सान्यांनी स्वतःचा फोन चेतनाच्या ओठांसमोर धरून रेकॉर्डिंग सुरू केलं. आधी तिने तोंड उघडं ठेवलं, मग मिटलं. मग पुटपुटत एक वाक्य म्हटलं आणि लगेच ओठ मिटले. मधेच कुणाला तरी ठसका लागला, त्याला सगळ्यांनी डोळे वटारले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.

फोन कानाला लावून सगळ्यांनी आळीपाळीने ऐकलं. फरक होता. पूर्ण गेला नव्हता, पण चांगला फरक होता.

"उशीपण घेऊन बघ," उशीवाले गृहस्थ म्हणाले. त्यांना आपली सूचना मागे पडलेली आवडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चेतना स्टुडिओत गेली. रेकॉर्डिंग नव्हतं, मिथुन एकटाच चहा पीत बसला होता. तिने कुर्त्याचा गळा थोडा खाली ओढून त्याला शिवण दाखवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"कावीळ नव्हती?"

"नव्हती."

मिथुनने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मी दोन केबल फेकून दिल्या यार त्या दिवशी," तो म्हणाला. "आधी सांगायचं ना. चल आत."

दुपार त्यांनी त्यातच घालवली. माइक वर टांगला, मग बाजूने लावला. सोफ्यावरची जाड रजई तिच्या अंगाभोवती गुंडाळली. वाक्य संपलं की तोंड मिटायचं, नाकाने श्वास घ्यायचा. जे उरलं ते मिथुनने कॉम्प्युटरवर साफ केलं. लांबलचक हुंदके जमेनात, कारण हुंदक्यात तोंड मिटता येत नाही. पण बोलण्याचे प्रसंग नीट होऊ लागले.

रुचिराला तिनेच फोन केला. रुचिरा म्हणाली, "तो रोल गेला गं, तो आता परत नाही मिळणार." मग म्हणाली, "एक कार्टून आलंय. खारीचा आवाज हवाय. खार गप्पच बसत नाही एक मिनिट. करशील?"

चेतनाने ती खार केली. पुढे त्याच मालिकेतलं कासवही केलं.

हे सगळं आईला कळायला वेळ लागला नाही. मिथुनने घरी फोन केला आणि चेतना आंघोळीला गेली होती म्हणून आईशीच बोलला. "काकू, रजई आता तिच्यासाठी वेगळी ठेवलीये, काळजी करू नका." ती बाहेर आली तेव्हा आई फोन हातात धरून पलंगावर बसली होती.

"सांगितलंस तू."

"सांगितलं."

"आणखी कुणाकुणाला?"

"मंडळात सगळ्यांना." आणि मग तिने मंडळाचंही सांगून टाकलं.

आई चिडली. इतक्या महिन्यांत कुणाला पत्ता लागू दिला नाही, आणि ही गावभर सांगत सुटली. "लोक तोंडावर गोड बोलतात चेतू. पाठीमागं काय बोलतात ते मी ऐकलंय. तुझा बाप गेला तेव्हा ऐकलंय."

"लोकांचं जाऊ दे. मी एकटी पडले होते गं आई."

"मी नव्हते?"

"तू होतीस. तू पण एकटीच होतीस."

आई उठून भाकरी थापायला लागली. पुढचे तीन-चार दिवस दोघींत कामापुरतंच बोलणं झालं. मग एका सकाळी, पदराची पिन लावता लावता, आईने आरशात बघतच विचारलं, "किती वाजता असतं ते?"

मंडळात आई दाराजवळच्या बाकावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. पहिला अर्धा तास ती फक्त बघत होती. परबकाकू शेजारी येऊन बसल्या, तरी थोडी सरकून बसली. काकूंनी काही विचारलं नाही. सान्यांनी "कुणाला काही विचारायचंय का" म्हटलं तेव्हा आईचा हात वर गेला, अगदी अंगणवाडीतल्या पोरांसारखा.

"हिचं लग्न," ती म्हणाली आणि थांबली. "म्हणजे, लग्न झालं, मूल व्हायचं म्हटलं, तर या बाईला," तिने जान्हवीकडे बोट केलं, "हे कसं झालं?"

"आई!" चेतना म्हणाली.

"विचारू दे," जान्हवी म्हणाली. तिने पोराला शेजारणीकडे दिलं आणि आईच्या समोर येऊन बसली. "सोपं नव्हतं मावशी. आधीच डॉक्टरकडे गेलो, दोन्ही डॉक्टरकडे, हार्टच्या आणि बाळंतपणाच्या. गोळी बदलली, इंजेक्शनं घ्यावी लागली, सारख्या तपासण्या. मी घाबरले होते. सगळ्यांना जमतंच असंही नाही. आमच्यातल्याच एकीला डॉक्टर नको म्हणाले. तिने मुलगी दत्तक घेतली, मजेत आहे. पण आधी विचारायचं. झाल्यावर नाही."

"आणि नवरा?"

"पहिल्याच भेटीत सांगितलं. दोन स्थळं गेली. तिसरा म्हणाला, रोज गोळीची आठवण मी करीन. करतो अजून. वैताग येतो मला."

वर्गात हशा पिकला. आईही हसली. चेतनाने तिला असं दात दाखवून हसताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मग आईने आणखी विचारलं. जे तिने डॉक्टरांना कधी विचारलं नव्हतं ते सगळं. हिला बादली उचलू द्यायची का? प्रवासाला पाठवायचं का? रागावायचं का हिच्यावर? शेवटच्या प्रश्नावर परबकाकू म्हणाल्या, "रागवा हो! माझी सून माझ्यावर रोज रागावता."

घरी परतताना दोघी पाच रस्ता चौकात शहाळं प्यायला थांबल्या. आईने अर्धं शहाळं पिऊन बाजूला ठेवलं.

"चेतू, मला जिना चढताना दम लागतो."

चेतना वळली. "कधीपासून?"

"तुझ्या ऑपरेशनच्या आधीपासून. चक्करपण येते मधेमधे."

"आणि बोलली नाहीस?"

"एका घरात किती दुखणी काढायची," आई म्हणाली. "एक तू झाकत होतीस, एक मी."

चेतनाला रडू आलं, राग आला, आणि काशीरामांनी शिकवलेली एक शिवीही आठवली. तिने तिथेच उभ्या उभ्या फोन काढून वेळ घेतली. मंगळवारी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. "काय होतंय?" असं डॉक्टरांनी विचारल्यावर आई आधी चेतनाकडे बघायला लागली. चेतना गप्प राहिली. मग आईने पर्स खाली ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. सुरुवात थेट बार्शीपासून झाली. बाहेर पेशंट ताटकळले होते, पण डॉक्टरांनी तिला मधे तोडलं नाही.

हृदय ठीक निघालं. रक्त फार कमी होतं आणि बीपी वाढलेलं होतं. दोन्हीवर गोळ्या मिळाल्या, मीठ कमी करायला सांगितलं, आणि रोज चालायला.

सुंदराबाई आता पहाटे चालायला जातात. विहारातल्या दोघी-तिघी त्यांच्याबरोबर असतात, कारण त्यांच्यापैकी एकीलाही असाच दम लागत होता आणि तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. परवा निघायच्या आधी आईने चेतनाला हलवून उठवलं आणि म्हणाली, "ऊठ, चल आमच्याबरोबर. आणि ती पाण्याची बाटली भरून तूच उचल. मी नाही उचलणार."